विमानाचे तीन तास

मुंबईहून दुबई किती लांब? आमच्या सिंधुदुर्गात हा प्रश्न शाळकरी पोराला विचारलात तरी उत्तर येईल, ‘तीन तास’. किलोमीटर कुणी सांगणार नाही. आंबोलीपासून सावंतवाडी किती, तर तीस किलोमीटर. कोल्हापूर किती, तर एकशे वीसेक किलोमीटर. पण दुबई मात्र तासांत. विमान आलं आणि अंतर मोजायचं मापच बदललं.

बरं, हे तीन तास तरी खरे का? तिकीट काढून पाहा. समजा, विमान सकाळी दहाला मुंबईहून सुटतं आणि पावणेबाराला दुबईत उतरतं. म्हणजे पावणेदोन तास! परतीचं विमान दहाला सुटतं आणि दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मुंबईला येतं. म्हणजे चार तास वीस मिनिटं! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी यावरून ‘जाताना उतार लागतो’ असं निदान केलं होतं. खरी गोष्ट साधी आहे. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. जाताना ते दीड तास आपल्याला परत मिळतात, येताना काढून घेतले जातात. हिशेब केला तर जायला सव्वातीन तास आणि यायला तीनला थोडे कमी. मग जाण्यायेण्यात हा वीस-पंचवीस मिनिटांचा फरक कशाचा? तो वाऱ्याचा. त्याच्याकडे येतोच.

आधी अंतर. मुंबई आणि दुबई या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर एकोणीसशे पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. विमान वर गेल्यावर ताशी साडेआठशे-नऊशेच्या वेगाने जातं. भागाकार केलात तर सव्वादोन तास येतात. उरलेला तास जातो कुठे? धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात, वर चढण्यात, खाली उतरण्यात आणि उतरायला जागा नाही म्हणून आकाशात घिरट्या घालण्यात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच कामाला येते. वेळापत्रकातला वेळ हा विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. निव्वळ उडण्याचा तो नसतो.

‘सरळ अंतर’ म्हटलं, पण पृथ्वीवर सरळ काही नाही. बी.ए.ला मला भूगोल होता. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात पृथ्वीगोल आणून मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून दाखवला होता. भिंतीवरच्या नकाशात पाहाल तर वाटतं, अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असं पश्चिमेला जायचं. दोरा मात्र मुंबईतून निघाला तो थेट वायव्येच्याही वर, जवळजवळ उत्तरेकडेच गेला. अफगाणिस्तान, रशिया, मग उत्तर युरोपच्या डोक्यावरून अमेरिकेत उतरला. गोलावरचा सर्वांत आखूड रस्ता तोच, साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला या अंतराला पंधरा-सोळा तास लागतात, परतताना थोडे कमी.

इथे एक प्रश्न हमखास येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरतेच आहे, तर विमानाने नुसतं वर जाऊन थांबावं, खालून दुबई आपोआप येईल की! येत नाही. कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. चालत्या एस.टी.त आपण उडी मारली तर मागच्या माणसाच्या मांडीवर पडत नाही, तसंच हे.

पण हवा पृथ्वीबरोबर फिरता फिरता स्वतःही पळत असते. हिवाळ्यात उत्तर भारताच्या वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार लोंढा वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. आखातातून येणाऱ्या विमानाला त्याची कड लागली तरी मागून ढकलल्यासारखं होतं, आणि जाणाऱ्याला छातीवर घ्यावा लागतो. पावसाळ्यात मात्र आपल्या डोक्यावरचा कारभार उलटा होतो. आंबोलीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. खालचे वारे नैऋत्येकडून समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतात आणि बहुतेक वर्षी सातशे सेंटीमीटरच्या पुढे पाणी आमच्या कौलांवर ओततात. पण त्याच वेळी, त्याच ढगांच्या खूप वर, वारा पूर्वेकडून पश्चिमेला धावत असतो. हा पूर्वेचा झोत पी. कोटेश्वरम या आपल्या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली जगापुढे मांडला. मला ही गोष्ट फार आवडते. जुलैत मी खिडकीशी बसतो तेव्हा खालचे ढग समुद्राकडून घाटावर येत असतात आणि वर, मला न दिसणारी हवा समुद्राकडे परत चाललेली असते.

पावसाला ‘मोसमी’ म्हणतो तो शब्द मुळात अरबी ‘मौसिम’, म्हणजे ऋतू. अरबांच्या गलबतांचं वेळापत्रक हेच. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे जायचं आणि नैऋत्येच्या वाऱ्याचा जोर ओसरता ओसरता इकडे यायचं. एक जाणं-येणं म्हणजे एक वर्ष. त्या काळी कुणी विचारलं असतं, मस्कत किती लांब, तर उत्तर तासांत नव्हे, ऋतूंत आलं असतं.

आंबोलीचा घाटसुद्धा अशाच एका हिशेबातून झाला. इंग्रजांची छावणी बेळगावात, आणि माल उतरायचा वेंगुर्ल्याच्या बंदरात. मधे हा डोंगर. म्हणून एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याहून बेळगावला गाडीरस्ता काढला आणि बैलगाड्या चढू लागल्या. कर्नल वेस्ट्रॉप नावाच्या साहेबाने पुढे इथली हवा पाहून थंड हवेचं ठिकाण वसवलं, ते या रस्त्यामुळेच. पावसाळ्यात बंदर बंद, की बेळगावसाठी मुंबई दुप्पट लांब व्हायची. माझ्या वडलांच्या आठवणीत बोट होती. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला यायची. धक्क्याला ती लागत नसे, पडावातून उतरावं लागे. अब्बा म्हणत, मुंबई ते वेंगुर्ला लांब नाही, बोटीवरून पडावात पाय ठेवायचं अंतर लांब.

जुन्या माणसांनी वेळ आणि अंतर यांची सांगड आपापल्या परीने घातली होती. मराठीत ‘मजल दरमजल’ आहे, ‘हाकेच्या अंतरावर’ आहे. इस्लामी शरियतमध्ये प्रवाशाला नमाज थोडी कमी करण्याची सवलत आहे. आता प्रवासी कुणाला म्हणायचं? कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्या धर्मशास्त्रात माप आहे दोन मंजिलांचं, म्हणजे लादलेल्या उंटांच्या दोन दिवसांच्या वाटचालीचं. आजच्या हिशेबाने ते ऐंशी किलोमीटरच्या थोडं वर जातं. जुन्या शास्त्रकारांनी पुढे असंही म्हणून ठेवलं, की हे अंतर कुणी तासाभरात कापलं तरी तो मुसाफिरच. विमान तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हतं. तरी माणूस किती वेळ चालला यापेक्षा घरापासून किती दूर आहे, याला त्यांनी महत्त्व दिलं.

आता एक विचित्र उदाहरण. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घालून सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादेत थांबून दुपारी मुंबईत जुहूला उतरले. आपल्या देशातल्या टाटांच्या विमानसेवेचा तो आरंभ. कराची-मुंबई सरळ अंतर नऊशे किलोमीटरही नाही. आजच्या जेट विमानाला दीड तासाचं काम. पण आज या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. माझ्या अम्माची एक मावशी लग्न होऊन कराचीला गेलेली. कोकणातल्या पुष्कळ घरांतून अशी माणसं आहेत. तिच्या नातवाला एखादं लग्न गाठायला यायचं झालं, तर व्हिसा मिळाला असं धरून चालू, त्याने कराचीहून दुबईला जायचं, तिथून मुंबईला यायचं. नऊशे किलोमीटरांचे तीन हजारांच्या वर झाले. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. त्यामुळे दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. आपल्या कोकणातून आखाताकडे जाणारी वाट समुद्रावरची, तिला फार झळ लागली नाही.

आकाश बंद झालं की काय होतं, हे आमच्या घराने १९९० साली पाहिलं. माझे मामू कुवेतला एका किराणा दुकानात होते. कुवेत-मुंबई साधारण पावणेतीन हजार किलोमीटर, चार तासांचा प्रवास. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथला विमानतळ मिटला. तेव्हा परतीची वाट अशी: कुवेतहून बसने बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द, तिथे तंबूत मुक्काम, मग अम्मान. अम्मान मुंबईपासून जवळजवळ चार हजार किलोमीटर. म्हणजे घरी येण्यासाठी माणसं आधी हजार-बाराशे किलोमीटर घरापासून लांब गेली. १३ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाने ४८८ उड्डाणं करून एक लाख अकरा हजारांहून जास्त माणसं आणली. नागरी विमानांनी इतकी माणसं आणण्याचा तो विक्रम मानला जातो. त्या दिवसांत मुमानी सावंतवाडीच्या घरात रेडिओपाशी बसून असे. बातम्यांत ‘अम्मान’ शब्द आला की ती आवाज मोठा करी. मामू सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचले, अंगावरच्या कपड्यांनिशी, हातात प्लास्टिकची एक पिशवी. मुंबईहून एस.टी.ने आले. चार तासांच्या प्रवासाला सहा आठवडे लागले. पण आमच्या घरात तेव्हा कुणी तक्रार केली नाही. ज्या घरी माणूस आलाच नाही, ती घरंही आम्हाला माहीत होती.

हे सगळं सांगताना माझ्या मनात एक दिवस सारखा येतो आहे, तो सांगून टाकतो. २००७ सालचा जुलै. अब्बा रात्री दहाच्या सुमाराला गेले. थोरले भाई शारजात. फोन लागला. ते म्हणाले, निघालो. आमच्यात मैयत फार वेळ ठेवू नये असं आहे, आणि आंबोलीच्या जुलैत ठेवणं अवघडही. जमातीतली चार म्हातारी माणसं ओटीवर बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी शिकलेला, वर्तमानपत्रात लिहिणारा, म्हणजे विमानाच्या वेळा मलाच ठाऊक असणार. मला ठाऊक होत्याही. विमान पहाटे सहाच्या आत मुंबईला येईल. तिथे परदेशी विमानतळावरून देशी विमानतळावर जायचं, तेव्हा ते वेगवेगळे होते. दहा-अकरापर्यंत गोव्याला दाबोळी. पुढे गाडीने म्हापसा, बांदा, सावंतवाडी. मी हे सांगत होतो, तेव्हा त्यांतला सर्वांत म्हातारा म्हणाला, ‘‘इमानाचा सांगा नको रे, घाटाचा सांग.’’

आमच्याकडे जुनी माणसं विमानाला ‘इमान’ म्हणतात. मुसलमानाच्या घरात या शब्दाने एरवी थोडी गंमत होते. त्या रात्री कुणी हसलं नाही. मी म्हटलं, घाटाचं मी सांगू शकत नाही.

जोहरची नमाज झाली तरी भाई आले नव्हते. सावंतवाडीतून त्यांचा फोन आला होता, दोनच्या सुमाराला. त्यानंतर नाही. दाणोली सोडली की फोन मुका होतो, हे सगळ्यांना माहीत. कब्रस्तानात खोदलेल्या जागेवर चार बांबू लावून ताडपत्री बांधलेली, तरी खालून जांभ्यातून पाणी पाझरत होतं. पोरं बादल्यांनी उपसत होती. पुन्हा भरत होतं. असरपर्यंत थांबायचं ठरलं. असरनंतर आणखी अर्धा तास थांबले. मग त्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाणी उपसणारी पोरं दमली होती. मी मान हलवली.

घाटात धबधब्याच्या खाली झाड पडलं होतं, त्याबरोबर थोडी दरडही. भाईंची गाडी तीन वाजता तिथे अडकली. अर्धा तास त्यांनी वाट पाहिली. मग बॅग ड्रायव्हरकडे टाकून ते चालत निघाले. सहा किलोमीटर चढ, समोरून पाऊस, दोन फुटांवरचं दिसत नाही असं धुकं. साडेपाचला पोहोचले. शारजाहून मुंबई त्यांनी तीन तासांत गाठली होती, आणि हे सहा किलोमीटर दोन तासांत. कबरीवरची माती अजून सैल होती. आमच्याकडे उशिरा आलेल्याला कबरीपाशी उभं राहून जनाजाची नमाज पढता येते. ते उभे राहिले, त्यांच्यामागे आम्ही तिघं भाऊबंद पुन्हा उभे राहिलो. बुटांत पाणी भरलेलं. त्यांनी कुणालाही एका शब्दाने विचारलं नाही की थांबला का नाहीत. रात्री जेवताना मात्र त्यांनी विचारलं, किती वाजता दिली? मी म्हटलं, पाचला. ते हिशेब करत राहिले. पाचला ते कुठल्या वळणावर होते, हा तो हिशेब. मला वाटतं, आखातात माणूस असलेल्या प्रत्येक कोकणी घरात असा एखादा हिशेब शिल्लक असतो, हिंदूंच्या, मुसलमानांच्या, ख्रिस्तींच्याही.

त्यानंतर आमच्या आजूबाजूला दोन विमानतळ झाले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा सुरू झाला. सिंधुदुर्गाच्या नावाचा, अडीच हजार मीटरच्या धावपट्टीचा. आम्ही सगळे पाहायला गेलो होतो. तिथून कुठे आणि किती विमानं उडायची, याचा नेम मात्र पहिल्या काही वर्षांत नीट बसला नाही. जिल्ह्याच्या विमानतळाला जिल्ह्यातली माणसं कमी पडतात की माणसांना विमानं कमी पडतात, हा वाद चालायचा तो चालू द्या. दुसरा मोपाचा, गोव्यातल्या पेडण्यात, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. मोपा आंबोलीहून पक्ष्याच्या वाटेने तीसेक किलोमीटर आहे. रस्त्याने जाणार तर आधी घाट उतरा, सावंतवाडी, बांदा, आणि मग तिकडे. रस्त्याने त्याच्या जवळजवळ दुप्पट. दाबोळीला जायला पूर्वी दोन मोठ्या नद्यांवरचे पूल आणि पणजीची गर्दी पार करावी लागे, तेवढी वाचली.

पक्ष्याच्या वाटेवरून आठवलं. आमच्या गावात हिरण्यकेशीचा उगम आहे. तिथे पडलेला पावसाचा थेंब पूर्वेला वळतो, घटप्रभेतून कृष्णेत जातो आणि पार आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. थोडा अलीकडे, घाटाच्या कड्यावर पडला असता, तर त्याच दिवशी खाली कोकणात उतरून अरबी समुद्राच्या वाटेला लागला असता. मी हे एकदा भाईंना सांगितलं. ते म्हणाले, त्या थेंबाला व्हिसा लागत नाही ना, मग झालं.

भाई आता कायमचे इथे आलेत. त्यांचा मुलगा दुबईत आहे. तो यायचा असला की फोनवर विमानाची लहानशी आकृती सरकताना दिसते. आत्ता मस्कतच्या पलीकडे, आत्ता समुद्रावर. घरातली मुलं ती पाहत बसतात. भाई पाहत नाहीत. मोपाला उतरल्याचा फोन आला तरी ते ‘बरं’ म्हणून ठेवून देतात. पावसाळा असला तर ते दाणोलीच्या एका चहावाल्याला फोन लावतात. त्याचा नंबर त्यांनी गेली काही वर्षं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तो सांगतो, वरून गाड्या उतरतायत की नाही. उतरत असतील, तर भाई वहिनीला म्हणतात, आता भाताला आधण ठेव.